हलवायाच्या घरावर तुळशीपत्र

२००८ सालच्या पूर्वार्धात रिलायन्स इंडस्ट्रीज या कंपनीने देशभरातील आपले १,४३२ पेट्रोल पंप बंद केले, तेव्हा सुशिक्षित मध्यमवर्गात त्याबद्दल कोणी फारसे हळहळले नाही. हळहळले असते तरच नवल! देशातील एका धनाढ्य उद्योगसमूहाने आपल्या अनेक दुकानांपैकी एक आवरले, यात चाकरमान्या माणसाने खेद मानावा असे काय होते? नाक्यावरच्या सरकारी कंपनीच्या पंपावर पेट्रोल मिळत होते आणि ते स्वस्तही मिळत होते. आम्हीदेखील त्या कंपनीसाठी अश्रू ढाळण्यास बसलेलो नाही. तिला आपली काळजी वाहण्यास आमची लेखणी नको आहे. परंतु त्या बंद पडलेल्या पंपांची हकिकत पुन्हा एकवार सांगणे अगत्याचे आहे. २०२२ साली तिची पुनरावृत्ती होता होता राहिली. आणि जे घडले त्याच्या मुळाशी असलेला राज्यकारभाराचा दोष अद्यापि दूर झालेला नाही.

तेलाचा धंदा आपल्या देशात आरंभी परदेशी कंपन्यांच्या हाती होता. मुंबईच्या तुर्भे-माहुलच्या किनाऱ्यावर १९५४ व १९५५ साली जे दोन मोठे तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले तेही परदेशी कंपन्यांचेच. १९६४ साली इंडियन ऑइल कॉर्पोरेशन आजच्या स्वरूपात आले. १९७४ मध्ये एस्सो आणि १९७६ मध्ये बर्मा-शेल सरकारजमा झाल्या, पाठोपाठ कॅलटेक्सही आली. हिंदुस्थान पेट्रोलियम व भारत पेट्रोलियम या नावांनी आपण ज्या कंपन्यांना ओळखतो त्यांची ही पूर्वपीठिका. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर तेलाचे भाव चौपट झालेले जग त्या वेळी डोळ्यांसमोर होते. असली जीवनावश्यक वस्तू परक्यांच्या मर्जीवर सोडू नये असे तेव्हाच्या राज्यकर्त्यांना वाटले, यात चूक होती असे आम्ही म्हणणार नाही. लडाखच्या घाटांतून आणि ईशान्येच्या डोंगराळ मुलखात इंधन पोचविण्याचे काम या सरकारी कंपन्यांनी केले आहे, आणि निव्वळ नफ्याकडे पाहणाऱ्याने ते कितपत केले असते याची शंकाच आहे.

राष्ट्रीयीकरणानंतर सुमारे पाव शतक भाव सरकारने ठरवावे, कंपन्यांनी विकावे आणि एका वस्तूवरील तूट दुसऱ्या वस्तूच्या आधिक्यातून भरून काढावी, असा व्यवहार चालला. ही व्यवस्था १ एप्रिल २००२ रोजी संपल्याचे सरकारनेच जाहीर केले. तेलाचा शोध, शुद्धीकरण किंवा वाहिन्या यांत किमान २,००० कोटी रुपये गुंतविणाऱ्या खासगी कंपन्यांना पेट्रोल-डिझेल विकण्याची मुभा मिळाली. बाजारात भाव ज्याने त्याने ठरवावा, सरकार मध्ये पडणार नाही, असे ते वचन होते. या वचनावर विसंबून रिलायन्सने पाच हजारांहून अधिक पंपांचे परवाने मिळविले. एस्सारनेही हजारावर पंप उभारले, आणि एके काळी या देशातून गेलेले शेल हे नाव लहान प्रमाणात का होईना, पुन्हा फलकावर आले.

महामार्गावरून प्रवास करणाऱ्या वाचकांना ते दिवस आठवत असतील. पंपाला लागून धाबा, ट्रकचालकाला अंघोळीची आणि चार घटका पाठ टेकण्याची सोय, बिनचूक मापाची हमी, आणि मालवाहतूक कंपन्यांसाठी उधारीचे कार्ड. वर्षानुवर्षे ट्रकवाल्याकडे केवळ गिऱ्हाईक म्हणून पाहणाऱ्या या धंद्यात ही गोष्ट नवीन होती. दोन-तीन वर्षांतच देशातील डिझेलच्या किरकोळ विक्रीत रिलायन्सचा वाटा दहा टक्क्यांच्या पुढे गेला. पंपांची संख्या देशातील एकूण पंपांच्या मानाने थोडी असताना हे घडले, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. सरकारी कंपन्यांचे पंपही त्या काळात झाडलोट करू लागले, मापाच्या शुद्धतेची जाहिरात करू लागले. स्पर्धेचा एवढा लाभ तर आपणां सर्वांच्याच पदरी पडला.

मग तेल भडकले. भारत जे खनिज तेल विकत घेतो त्याची सरासरी किंमत २००३-०४ मध्ये पिंपाला सुमारे २८ डॉलर होती. २००७-०८ मध्ये ती ७९ डॉलरवर गेली आणि जुलै २००८ मध्ये जागतिक बाजारातील भावाने १४७ डॉलरचा उच्चांक गाठला. पंपावरचा भाव त्या मानाने वाढू द्यावा, तर सत्ताधाऱ्यांना मतदारांचा रोष पत्करावा लागणार. २००२ चे वचन कोणी मागे घेतले नाही. भावनियंत्रणाचा नवा कायदा झाला नाही. आरंभी दर पंधरवड्याला भावाचा आढावा घेणाऱ्या सरकारी कंपन्यांनी हळूहळू मंत्रालयाच्या संमतीवाचून भाव हलविणे सोडून दिले, एवढेच. मालक सरकार आणि दुकानही सरकारचे, तेव्हा लेखी आज्ञेची गरज ती काय?

इथून पुढे जे झाले त्यातच या प्रकरणाचे सारे इंगित साठलेले आहे. सरकारी कंपन्या खरेदीपेक्षा कमी भावात माल विकू लागल्या. जो भाव यायला हवा होता आणि जो आला त्यांतील अंतराला कारकुनी भाषेत 'अंडर-रिकव्हरी' असे गोंडस नाव मिळाले. २००८-०९ या एका वर्षात हे अंतर १,०३,२९२ कोटी रुपयांचे होते. ते कोणी भरले? ७१,२९२ कोटी रुपये केंद्र सरकारने तेलरोख्यांच्या रूपाने दिले. उरलेले ३२,००० कोटी रुपये तेल आणि वायू काढणाऱ्या सरकारी कंपन्यांनी, म्हणजे मुख्यतः ओएनजीसीने, आपला माल स्वस्तात देऊन सोसले. १९७४ साली मुंबईच्या समुद्रात सापडलेल्या तेलातून जी मिळकत नव्या विहिरी खणण्यास उपयोगी पडावयाची, ती अशा रीतीने देशभरच्या गाड्यांच्या टाक्यांत ओतली गेली. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवून पुण्य जोडणे म्हणतात ते याहून वेगळे काय असते?

रोख्यांची गोष्ट तर त्याहून बोधप्रद. रोखा म्हणजे उद्या पैसे देण्याचे वचन. तो दिला त्या वर्षी सरकारी तिजोरीतून दमडीही बाहेर जात नाही. त्यामुळे त्या वर्षीच्या तुटीच्या आकड्यात तो दिसतही नाही. संसदेत रोख अनुदान मागितले असते तर प्रश्न निघाले असते. हे पैसे कोणाला मिळणार? मोटारवाल्याला की शेतकऱ्याला? आरोग्यावर आणि शिक्षणावर आपण किती खर्च करतो? रोख्यांमुळे त्या प्रश्नांची तीव्रता पार बोथट झाली. ऋण काढून सण साजरा झाला. २००५ ते २०१० या काळातील रोख्यांपैकी सुमारे १ लाख ३० हजार कोटी रुपयांचे देणे पुढील पिढीच्या नावावर लिहिले गेले, आणि त्याची फेड २०२५-२६ या आर्थिक वर्षापर्यंत लांबवून ठेवली होती. ऑगस्ट २०२१ मध्ये पेट्रोलवरील कर का कमी होत नाही असे विचारले गेले, तेव्हा अर्थमंत्र्यांनी याच रोख्यांकडे बोट दाखविले. त्या करातून येणारे उत्पन्न रोख्यांच्या हप्त्यांहून कितीतरी पटीने मोठे होते, हे त्या उत्तरात आले नाही, ही गोष्ट वेगळी.

आता या भरपाईत खासगी विक्रेत्याचे स्थान काय होते? काहीच नव्हते. रोखे केवळ सरकारी कंपन्यांना आणि स्वस्त खनिज तेलही केवळ सरकारी कंपन्यांना. समोरासमोर असलेल्या दोन पंपांवर तेच डिझेल लिटरमागे कित्येक रुपयांच्या फरकाने विकले जाऊ लागले. वाहतूकदाराचा हिशेब पैशांवर चालतो. धाब्याच्या आणि अंघोळीच्या सोयीसाठी तो रुपये मोजणार नाही. खासगी पंपांवरची रांग आटली आणि वर सांगितलेला दिवस उजाडला. एस्सारच्या बहुतेक पंपांचीही तीच गत झाली.

कंपनीचे यात काय गेले? गुंतवणूक काही काळ अडकून पडली हे खरे. परंतु जामनगरचे डिझेल परदेशी जहाजांत भरता येत होते, आणि डिसेंबर २००८ मध्ये तिथेच निर्यातीसाठी दुसरा प्रचंड कारखानाही सुरू झाला. देशात विकले तर तोटा आणि परदेशात विकले तर नफा, अशी स्थिती सरकारनेच निर्माण केली असता व्यापाऱ्याने कोणता मार्ग धरावा हे सांगण्यास अर्थशास्त्र्याची आवश्यकता नाही. आमची सहानुभूती आहे ती ज्यांना जहाज नव्हते त्यांच्याशी. महामार्गालगतची वडिलोपार्जित जमीन आणि बँकेचे कर्ज या भांडवलावर ज्यांनी पंप घेतला, असे चालक तालुक्या-तालुक्यांतून होते. टाक्या जमिनीत पुरलेल्या, यंत्रे उभी, कर्जाचे हप्ते चालू आणि टँकर येणे बंद! काहींना न्यायालयाची पायरीही चढावी लागली. पंपावर नळी धरणाऱ्या पोरांची तर कोणत्याच हिशेबात गणना नव्हती. सरकारच्या वचनावर मोठ्या कंपनीने विश्वास ठेवला आणि मोठ्या कंपनीच्या वचनावर या लहान माणसांनी. वचन मोडले ते वरच्या पायरीवर. कपाळमोक्ष झाला तो खालच्या.

एकाच वस्तूचे दोन भाव झाले की त्या दोन भावांच्या मधल्या फटीत कोण येऊन बसतो, हे महाराष्ट्राला निराळे सांगावयास नको. गरिबाच्या चुलीसाठी म्हणून रेशनवर स्वस्त दिलेले रॉकेल डिझेलमध्ये मिसळण्याचा धंदा या राज्यात वर्षानुवर्षे चालला. मनमाडजवळ पानेवाडी येथे २५ जानेवारी २०११ रोजी, प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी, असल्याच भेसळीच्या अड्ड्यावर कारवाई करू पाहणारे मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भर दिवसा जिवंत जाळण्यात आले. त्या निर्घृण कृत्याचा दोष भावाच्या धोरणावर टाकून गुन्हेगारांना मोकळे सोडावे असे आम्ही सुचवीत नाही. पण लिटरमागे दहावीस रुपयांची लूट ज्या धोरणाने रस्त्याच्या कडेला पसरून ठेवली, त्या धोरणाचे समर्थन गरिबांच्या नावाने करणाऱ्यांनी पानेवाडीचे नाव विसरू नये.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो प्रामाणिक आहे. डिझेल महागले की एस.टी.चे तिकीट वाढते, भाजी महागते, विहिरीवरच्या पंपाचा खर्च वाढतो. सरकारने हा भार स्वतःच्या खांद्यावर घेतला तर त्यात वाईट काय? वाईट काहीच नाही. लोककल्याणकारी राज्याने दुर्बलांना हात द्यावा हे आम्हांस पूर्णतः मान्य आहे. परंतु स्वस्त डिझेल शेतकऱ्याच्या इंजिनाला ओळखत नाही. ते ज्या भावात विहिरीवर मिळते त्याच भावात लाखो रुपयांच्या आलिशान मोटारीला आणि मोठ्या दुकानांच्या जनित्रालाही मिळते. जो अधिक जाळतो त्याला अधिक मदत मिळते! ज्याच्यापाशी गाडीच नाही त्याच्या वाट्याला वाहतूक थोडी स्वस्त होण्याचा अप्रत्यक्ष लाभ येतो आणि रोख्यांच्या फेडीतला वाटा मात्र प्रत्यक्ष येतो. अनुदान सरळ हातात देता येत नाही, ही सबबही आता उरलेली नाही. २०१५ पासून स्वयंपाकाच्या गॅसचे सिलिंडर बाजारभावाने विकून सवलतीची रक्कम ग्राहकाच्या बँक-खात्यात जमा करण्याची पद्धत देशभर राबविण्यात आली. तिचे काही दोष असतील, परंतु किती दिले, कोणाला दिले आणि केव्हा बंद केले, हे तरी तिच्यात लपून राहत नाही.

रंगराजन समितीने २००६ मध्ये आणि किरीट पारीख समितीने २०१० मध्ये या घोळातून बाहेर पडण्याच्या वाटा दाखविल्या होत्या. जून २०१० मध्ये पेट्रोल आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेल नियंत्रणमुक्त झाले. दरम्यान २०१३ च्या जानेवारीत एक मौजेचा प्रकार घडला. घाऊक ग्राहकांना डिझेल बाजारभावाने आणि पंपावर सवलतीने, असा नियम झाला. लागलीच अनेक राज्यांच्या परिवहन महामंडळांनी आपल्या आगारातील टाक्या कोरड्या ठेवून गाड्या रस्त्यावरच्या पंपांकडे वळविल्या. असो. डिझेल मोकळे झाले तेव्हा खनिज तेलही उतरणीला लागले होते. खासगी पंपांचे फलक पुन्हा उजळले. एस्सार ऑइल २०१७ मध्ये रशियाच्या रॉसनेफ्ट व तिच्या सहकाऱ्यांकडे जाऊन पुढे नायरा झाली. रिलायन्सने ब्रिटिश कंपनी बीपीशी भागीदारी करून २०२० पासून नव्या नावाने दुकान मांडले. जून २०१७ पासून तर भाव दररोज बदलू लागले. आता हे प्रकरण मिटले, असे वाटावे अशीच ती लक्षणे होती.

पण ४ नोव्हेंबर २०२१ पासून दररोज बदलणारा हा भाव एकाएकी गोठला. तो २२ मार्च २०२२ पर्यंत गोठलेलाच राहिला. मधल्या काळात उत्तर प्रदेशासह पाच राज्यांच्या निवडणुका झाल्या, त्यांचे निकाल १० मार्चला लागले, आणि युक्रेनमधील युद्धाने जागतिक तेल पुन्हा पेटले. कायद्याने भाव मुक्त होता. त्याला कोणी बांधून ठेवले याचा लेखी पुरावा कुठेही सापडणार नाही. मार्चमध्ये मुंबईत घाऊक डिझेलचा भाव १२२ रुपयांच्या वर आणि शेजारच्या पंपावर सुमारे ९४ रुपये, असे अठ्ठावीस रुपयांचे अंतर पडले. खासगी कंपन्यांनी पुन्हा हात आखडता घेतला, काही पंपांवर टंचाई झाली आणि २००८ ची आठवण निघू लागली. पुढे दोन आठवड्यांत लिटरमागे दहा रुपयांची वाढ करून सरकारी कंपन्यांनी भाव पुन्हा गोठविला. अखेर जून २०२२ मध्ये सरकारने आदेश काढला. काय? तर परवाना मिळालेल्या प्रत्येक पंपाने, तो खासगी असो वा सरकारी, ठरलेल्या वेळात ग्राहकाला इंधन दिलेच पाहिजे. या वेळी पंप बंद करून जाण्याचा मार्गही मोकळा राहिला नाही. भाव ठरविणार आम्ही, तोटा सोसणार तुम्ही आणि दुकान उघडे ठेवण्याची सक्तीही तुमच्यावर, असा हा न्याय झाला. अडचणीच्या वेळी ग्राहकाला विन्मुख पाठवू नये हे कोणत्याही परवानाधारकाचे कर्तव्यच आहे. पण ते कर्तव्य लादणाऱ्याने भावाच्या खेळात स्वतः मात्र कोणतीच जबाबदारी पत्करू नये?

या वेळी रोखे नव्हते. एप्रिल ते सप्टेंबर २०२२ या सहामाहीत तिन्ही सरकारी कंपन्यांना मिळून २१ हजार कोटी रुपयांहून अधिक तोटा झाला, आणि ऑक्टोबरमध्ये गॅसच्या तुटीपोटी २२,००० कोटी रुपये त्यांना देण्यात आले. पुढे खनिज तेल उतरले, परंतु पंपावरचा भाव त्या मानाने उतरला नाही. २०२३-२४ मध्ये याच तीन कंपन्यांनी सुमारे ८१ हजार कोटी रुपयांचा नफा मिळविला. आधीचा तोटा मागाहून वसूल होत होता. मार्च २०२४ मध्ये लिटरमागे दोन रुपये कमी झाले तेही लोकसभा निवडणूक तोंडावर आली तेव्हा! ज्या ग्राहकाच्या नावाने हा खेळ चालतो त्याला स्वस्ताई भेटीसारखी मिळते आणि महागाई गुपचूप वसूल होते. खासगी विक्रेता चढत्या बाजारात बुडतो, उतरत्या बाजारात सरकारी कंपन्यांच्या चढ्या भावाच्या आडोशाने आपणही भरपूर कमावतो. ही स्पर्धा नव्हे. देशातील सुमारे नऊ-दशांश पंप सरकारी कंपन्यांचे असताना उरलेला दहावा हिस्सा त्यांना शिस्त लावील, अशी आशा बाळगणेही भाबडेपणाचे आहे.

सरकारने तेलाच्या किरकोळ धंद्यात राहावे की न राहावे, याबद्दल सुज्ञांत मतभेद होऊ शकतील. तो धंदा सर्वस्वी सरकारी ठेवावा असे ज्यांना वाटते त्यांच्या मताचा आम्ही आदर करतो. त्यांनी तसे उघड सांगावे आणि लोकांची भांडवले त्यात ओढू नयेत. पण खासगी विक्रेत्यांना निमंत्रण द्यावयाचे ठरले असेल तर सवलत ज्या दिवशी द्यावीशी वाटेल त्या दिवशी तिची मागणी अर्थसंकल्पात येऊ द्या, तिच्यावर संसदेत मतदान होऊ द्या, आणि ती एकतर प्रत्येक विक्रेत्याच्या लिटरला सारखी मिळू द्या किंवा गरजू ग्राहकाच्या खात्यात जाऊ द्या. पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळाचा कायदा २००६ साली झाला. ग्राहकांचे हित रक्षावे आणि विक्रेत्यांमध्ये न्याय्य स्पर्धा राखावी, हे त्या मंडळाचे कर्तव्य कायद्याच्या अक्षरांत लिहिलेले आहे. ते मंडळ अस्तित्वात आल्यावर वर्षही पुरे होण्यापूर्वी ते १,४३२ पंप बंद झाले. पुढच्या वेळी भाव गोठेल तेव्हा तो कोणाच्या सांगण्यावरून गोठला, हे सरकारी कंपन्यांच्या अध्यक्षांना जाहीर सुनावणीत विचारण्याचा अधिकार या मंडळाला असावा, आणि त्याने तो वापरावा, एवढीच आमची आजची मागणी आहे.